टोटल आयजीई जास्त आलीय, म्हणजे अ‍ॅलर्जी नक्की कशाची?

हा प्रश्न आमच्या लॅबच्या काउंटरवर रोज येतो म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. होतं काय, कोळंबी खाल्ली, अर्ध्या तासात ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, की माणूस डॉक्टरांना न विचारता येतो आणि टोटल आयजीई (अ‍ॅलर्जी घडवणाऱ्या अँटीबॉडीची रक्ततपासणी) करून जातो, रिपोर्ट 600 येतो, मग फोन, "म्हणजे कोळंबीचीच ना?" तर ते त्या आकड्यावरून कळतच नाही. टोटल म्हणजे रक्तातल्या सगळ्या आयजीईची बेरीज, दमा, एक्झिमा, पोटात जंत, कशानेही वाढते, आणि टोटल नॉर्मल असूनही कोळंबीची अ‍ॅलर्जी असू शकते.

आत घडतं ते असं. कोळंबीतल्या एखाद्या प्रोटीनला शरीराने चुकून शत्रू ठरवलं की अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी खास त्याच्यासाठी आयजीई अँटीबॉडी बनवतात, ती जाऊन मास्ट पेशींवर चिकटून बसते. या पेशी कातडीत, श्वासनलिकेत, आतड्यात असतात आणि आत हिस्टामिनचे (खाज-सूज आणणाऱ्या रसायनाचे) दाणे ठासून भरलेले. पुढच्या वेळी तेच प्रोटीन आलं की शेजारशेजारच्या आयजीईंना एकदम पकडतं आणि काही मिनिटांत दाणे बाहेर, मग खाज, सूज, उलटी. 1921 साली प्राउस्निट्झ नावाच्या डॉक्टरांनी, मासे न सोसणाऱ्या आपल्या सहकाऱ्याचं सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) स्वतःच्या कातडीत टोचून घेतलं, दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला तर गांध उठली. सीरमबरोबर त्रासही घेऊन आलेली रक्तातली ती वस्तू म्हणजे आयजीई, हे कळायला 1966 उजाडलं.

म्हणून आम्ही विचारतो, काय खाल्लं, किती वेळात त्रास झाला, आधी तेच खाऊन काही झालं होतं का. परवा एक ताई मुलाच्या आठवड्याच्या डब्याची यादीच घेऊन आल्या, शेंगदाण्याची चटणी दोनदा, त्रासही त्याच दोन दिवशी, डॉक्टरांनी एकच स्पेसिफिक टेस्ट (फक्त शेंगदाण्याविरुद्धची आयजीई मोजणारी) लिहून दिली.

"सगळ्याचं पॅनलच (एकदम बऱ्याच पदार्थांच्या स्पेसिफिक टेस्ट) करून टाका ना" असंही म्हणतात, पण पॉझिटिव्ह म्हणजे अ‍ॅलर्जी असतेच असं नाही. घरातल्या धुळीतले माइट्स, झुरळं यांचं एक प्रोटीन कोळंबीच्या प्रोटीनसारखंच असतं, त्यामुळे कोळंबी आरामात पचवणाऱ्याचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि लोक उगाच खाणं सोडतात, लहान मुलांचं तर फार नुकसान होतं. ढीगभर पदार्थांची आयजीजी (ही वेगळीच अँटीबॉडी) टेस्ट तर आम्ही ठेवलेलीच नाही, आयजीजी वाढलेली म्हणजे तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे एवढंच.

रक्ताच्या टेस्टला उपाशी यायला नको, अ‍ॅलर्जीची गोळी सेट्रिझिन चालू असली तरी चालतं (कातडीवर टोचून करतात त्या टेस्टला मात्र डॉक्टर आधी बंद करायला सांगतात). उरलेलं सीरम आम्ही सात दिवस फ्रीजमध्ये ठेवतो, तेवढ्यात डॉक्टरांची चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅप केलीत तर त्यातच स्पेसिफिक टेस्ट होते, दुसऱ्यांदा सुई नाही, नंतर आलात तर मात्र नवीन सॅम्पल. घरी येऊनही घेतो.

आणि घसा आवळतोय, श्वास लागतोय, चक्कर येतेय असं असेल तर आमच्याकडे येऊ नका, तडक हॉस्पिटलला जा, टेस्ट नंतर करू.