प्रीसेट बदलला, तरी क्यूमधल्या फायली जुन्याच सेटिंगने का निघतात?

लग्नसराईत जळगाव-धुळ्याकडचे व्हिडिओवाले दिवसा शूटिंग करतात आणि रात्री हँडब्रेकला (व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून लहान करणारं सॉफ्टवेअर) क्यू, म्हणजे एकामागून एक करायच्या कामांची रांग, लावून झोपतात. हळद, लग्न, ड्रोनचं फुटेज, सगळं एकाखाली एक. या कामात एक घोळ हमखास होतो: प्रीसेट (जपून ठेवलेली सेटिंग) आणि क्यूमधला जॉब (रांगेतलं एका व्हिडिओचं काम) ही एकच गोष्ट धरली जाते. दोन्हीकडे तीच नावं आणि तेच आकडे दिसतात, त्यामुळे गैरसमज होणं साहजिकच.

समजा, चाळीसगावच्या एका स्टुडिओत नऊ फायली क्यूला लावल्यात. सगळ्या एच.२६५ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये, कारण त्यात फाईल लहान होते. तेवढ्यात आधीच्या गिऱ्हाइकाचा फोन येतो, "भाऊ, आमना टीव्हीवर चालतच नही." टीव्ही जुना, एच.२६५ त्याला झेपत नाही. ऑपरेटर लगेच प्रीसेटमध्ये एन्कोडर (व्हिडिओ कोणत्या फॉरमॅटमध्ये बनवायचा ते ठरवणारा भाग) बदलून जुना एच.२६४ करतो, सेव्ह करतो आणि घरी जातो. सकाळी बघतो तर नऊच्या नऊ फायली एच.२६५.

यात सॉफ्टवेअरचा काही दोष नाही. प्रीसेट म्हणजे नाव देऊन जपून ठेवलेली सेटिंग: कोणता एन्कोडर, आरएफ (क्वालिटी ठरवणारा आकडा) किती, रिझोल्यूशन काय, ऑडिओ कसा. तो कुठल्याही एका व्हिडिओचा नसतो. जॉब जन्माला येतो तो 'ॲड टू क्यू' दाबताना, आणि त्या क्षणाची सेटिंग तो स्वतःजवळ उतरवून घेतो. पुढे प्रीसेट बदला, नाहीतर उडवून टाका, जॉबला त्याचं काही देणंघेणं नाही. शेवभाजीच्या ऑर्डरची चिठ्ठी आत गेल्यावर बाहेरचा मेनूबोर्ड पुसला म्हणून भाजी बदलत नाही, तसंच.

यातही एक बारकावा आहे आणि तो बरेच जण सोडून देतात. जॉब प्रीसेटमधून बनतच नाही. तो बनतो समोरच्या स्क्रीनवरून. प्रीसेट निवडल्यावर आरएफ २२ चा २४ केला, तर विंडोजवर प्रीसेटच्या नावापुढे 'मॉडिफाइड' असं दिसतं. जॉबमध्ये २४ जातो, प्रीसेटमध्ये २२ च राहतो. म्हणजे "मी तर तोच प्रीसेट लावला होता" हे वाक्य खरं असूनही दोन फायली वेगळ्या निघू शकतात.

लावलेले जॉब बदलायचे तर क्यू उघडून एकेक जॉब 'एडिट' करावा लागतो. तो क्यूमधून निघून मुख्य स्क्रीनवर येतो, आणि सेटिंग बदलल्यावर आठवणीने परत ॲड करायचा असतो. ते राहिलं तर तो जॉब गेलाच. नऊच्या नऊ बदलायच्या असतील तर माझ्या मते क्यू रिकामी करून सगळं नव्याने लावलेलं बरं. आणि लावून झाल्यावर एखाद्या जॉबवर क्लिक करून त्याची माहिती वाचा. खरं काय होणार आहे ते तिथे लिहिलेलं असतं, प्रीसेटच्या यादीत नाही.

सेटिंग अशी गोठते, पण मूळ व्हिडिओ गोठत नाही. जॉबमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त त्याचा पत्ता असतो. फोल्डरचं नाव बदललं किंवा बाहेरची हार्डडिस्क काढून नेली, की पाळी आल्यावर तो जॉब फेल. उलट, नवरीच्या नावातली चूक सुधारून व्हिडिओ त्याच नावाने त्याच जागी पुन्हा एक्स्पोर्ट केला, तर जॉब सुधारलेली फाईल उचलतो. लांबी तेवढीच असेल तर हे सोयीचं आहे. एडिटमध्ये काटछाट झाली असेल तर मात्र पुन्हा स्कॅन करून जॉब नव्याने लावावा.

याच कारणाने दोन्हींची ने-आणही वेगळी. प्रीसेट एक्स्पोर्ट करून धुळ्याच्या मित्राला पाठवला तर त्याच्या मशीनवर तो लगेच कामाला येतो. क्यूसुद्धा एक्स्पोर्ट होते, पण तिच्यात तुमच्या मशीनवरचे पत्ते असतात. त्याच्याकडे तसे ड्राइव्ह आणि फोल्डर नसले, तर त्या यादीचा त्याला उपयोग शून्य.

पेनड्राइव्हचं एक सांगायलाच हवं. पुष्कळ जुने टीव्ही फॅट३२ पेनड्राइव्हच वाचतात, आणि फॅट३२ वर एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. दोन तासांच्या लग्नाला ऑडिओ धरून साधारण ४७०० केबीपीएसच्या (सेकंदाला इतके किलोबिट, यालाच बिटरेट म्हणतात) आत राहावं लागतं. आरएफवर चालणारा प्रीसेट साईझची हमी देत नाही: मंडपातली गर्दी, लायटिंग, नाच असेल तर त्याच आरएफला फाईल फुगते. अशा वेळी त्या एका जॉबपुरता ॲव्हरेज बिटरेट लावा, थोडा हात राखून, म्हणजे ४५०० च्या आसपास. त्यासाठी रोजचा प्रीसेट बिघडवायची गरज नाही. जॉब वेगळा असण्याचा हा फायदाच आहे.

एकावेळी दोन-तीन जॉब चालवायची सोयही आहे, पण सॉफ्टवेअर एन्कोडिंगमध्ये एकच जॉब बहुतेक प्रोसेसर खाऊन टाकतो. भुसावळच्या मे महिन्यात तर मशीन तापून वेग आणखीच पडतो.

राहिली लाइट. रात्री ती गेली, तर अर्धवट झालेली एमपी४ सहसा चालत नाही, कारण व्हिडिओ वाचायला लागणारी अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. हँडब्रेक पुन्हा उघडल्यावर तो उरलेले जॉब परत घ्यायचे का ते विचारतो. हो म्हटलं की यादी परत येते आणि अर्ध्यात अडकलेला जॉब पहिल्यापासून सुरू होतो. मधल्या वेळात तुम्ही प्रीसेट सुधारला असला, तरी हे परत आलेले जॉब आपल्या जुन्याच सेटिंगने चालतात. टीव्हीची तक्रार आलेली असेल, तर 'स्टार्ट' दाबण्याआधी ते बदलून घ्या.