‘फ्लॅट 12 टक्के’ म्हणजे 12 टक्केच का?

‘मायक्रोफायनान्सचं कर्ज 12 टक्के फ्लॅट, म्हणजे बँकेच्या 12 टक्क्यांइतकंच’ असा मेसेज फराळ-पापड करणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर फिरत असतो. आकडा सारखाच दिसतो, त्यामुळे पटतंही.

भाजणी दळायला घरघंटी हवी म्हणून 24,000 रुपये वर्षासाठी घेतले असं धरू. फ्लॅटमध्ये, म्हणजे फेडलेलं वजा न करता वर्षभर पूर्ण 24,000 वर, व्याज 2,880. दरमहा मुद्दल 2,000 आणि व्याज 240, हप्ता 2,240. आता बारावा हप्ता बघा. तेव्हा अंगावर फक्त 2,000 उरलेले असतात, तरी व्याज 240च! घटत्या शिलकीवर, म्हणजे बँकेत सहसा असतं तसं फक्त उरलेल्या मुद्दलावर, महिना 1 टक्क्याने, ते 20 रुपये झालं असतं. वर्षाचं मिळून 1,560. फ्लॅटचा खरा दर घटत्या शिलकीवर मोजला तर 21-22 टक्क्यांच्या आसपास जातो.

म्हणून असं कर्ज घेऊच नये असं नाही. दिवाळीच्या ऑर्डरी हातात असतील तर ते परवडतंही. फक्त सही करण्याआधी हप्त्यांचा तक्ता मागा आणि व्याजाचा रकाना वरून खाली वाचा. आकडा हप्त्यागणिक उतरत नसेल तर दर फ्लॅट आहे. प्रोसेसिंग फी आणि विमा कापून हातात नेमके किती येणार, तेही तिथेच विचारा.