पार्श्वभूमी: एडिटरमधल्या सोयी जुन्या, मालक नवे

टेक्स्ट एडिटरची, म्हणजे साधा मजकूर किंवा कोड लिहिण्या-बदलण्याच्या प्रोग्रामची, नवी आवृत्ती जाहीर झाली की त्या निवेदनात दोन प्रकारचा मजकूर शेजारी शेजारी असतो. एक कंपनीविषयीचा: परवान्याची किंमत बदलली, मालकी दुसऱ्याकडे गेली, अमुक तारखेनंतर जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. दुसरा वापरणाऱ्यांच्या उपयोगाचा: ही कळ दाबली की सारखे शब्द एकदम निवडले जातात, ती दाबली की फाइल नावाने उघडते. बहुतेक जण दुसरा भाग वाचतात आणि पहिल्यावरून नजर फिरवून पुढे जातात. मात्र या दोन्हींचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. आपल्या बोटांना लागलेली सवय कुठून आली आणि ती कोणाच्या भरवशावर टिकून आहे हे समजून घ्यायचे असेल, तर दोन्ही भाग एकत्रच वाचावे लागतात.

सुरुवात पडद्याशिवाय झाली. 1960 च्या दशकात संगणकाशी बोलायचे ते टेलिटाइपवर, म्हणजे कागदावर छापणाऱ्या यंत्रावर. बर्कलीला बटलर लॅम्पसन आणि पीटर डॉइच यांनी क्यूईडी नावाचा एडिटर लिहिला होता. केन थॉम्पसन यांनी तो दुसऱ्या संगणकासाठी नव्याने लिहिताना त्यात एक मोलाची भर घातली. गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी 1950 च्या दशकात मांडलेली ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ ही (अक्षरांचा नमुना चिन्हांच्या भाषेत सांगण्याची) कल्पना त्यांनी मजकुरातला शोध घेण्यासाठी वापरली आणि 1968 मध्ये त्या शोधाची रीत शोधनिबंधातून प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी बेल लॅब्ज या संशोधन केंद्रात युनिक्स ही संगणकाची कार्यप्रणाली आकाराला येत असताना त्यांनी ‘ईडी’ हा छोटा एडिटर लिहिला.

ईडी अतिशय मितभाषी आहे. टेलिटाइप सेकंदाला जेमतेम 10 अक्षरे छापत असे, त्यामुळे प्रत्येक शब्दाला वेळ मोजावा लागे. चूक झाली तर ईडी फक्त एक प्रश्नचिन्ह छापतो, आणि फाइल साठवली की किती बाइट लिहिले गेले तेवढा आकडा सांगतो. हा आकडा आजच्या संगणकावर पाहण्यासारखा आहे. एका ओळीत ‘क्षि’ एवढेच लिहून फाइल साठवली तर ईडी 13 हा आकडा दाखवतो. डोळ्यांना दिसते ते एक अक्षर. आत मात्र क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व इकार अशी चार चिन्हे असतात. यूटीएफ-8 या, अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत त्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात, आणि ओळ संपल्याची खूण म्हणून आणखी एक बाइट येतो. बॅकस्पेस दाबल्यावर अख्खे अक्षर न जाता आधी वेलांटीच का जाते, याचे उत्तर या हिशोबात आहे. ही यूटीएफ-8 पद्धतही 1992 मध्ये थॉम्पसन यांनीच रॉब पाइक यांच्यासह तयार केली, ही गोष्ट मला विशेष वाटते.

ईडीतल्या एका आज्ञेचे रूप असे होते: आधी जी, मग दोन तिरप्या रेघांच्या मधे शोधायचा नमुना (रेग्युलर एक्स्प्रेशन, थोडक्यात ‘आरई’), शेवटी पी. अर्थ असा की, संपूर्ण फाइलमध्ये हा नमुना जिथे जिथे सापडेल त्या ओळी छाप. याच आज्ञेवरून ‘ग्रेप’ या स्वतंत्र प्रोग्रामला नाव मिळाले. आजच्या बऱ्याच एडिटरांमध्ये शोधाच्या चौकटीशेजारी टिंब आणि तारा असलेले छोटे बटण दिसते. ते दाबणे म्हणजे त्या जुन्या यंत्रणेचे दार उघडणे होय. ज्यांनी ते कधीच दाबले नसेल त्यांनी दोन नमुने जरूर करून पाहावेत. ^$ लिहिले की रिकाम्या ओळी सापडतात, आणि [०-९]+ लिहिले की देवनागरीत लिहिलेली प्रत्येक संख्या सापडते.

कागदाची जागा पडद्याने घेतली तेव्हा लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातल्या जॉर्ज कूलूरिस यांनी ईडीच्या धर्तीवर ‘ईएम’ नावाचा अधिक सोयीचा एडिटर लिहिला. 1976 मध्ये तो बर्कलीत बिल जॉय यांच्या पाहण्यात आला आणि त्यातून आधी ‘ईएक्स’ व पुढे ‘व्हीआय’ घडला. जॉय घरून काम करत ते एडीएम-3ए या टर्मिनलवर, म्हणजे पडदा आणि कळफलक असलेल्या यंत्रावर, 300 बॉडच्या मोडेममधून. हा वेग साधारण सेकंदाला 30 अक्षरे इतका होतो. पडदा 80 अक्षरांच्या 24 ओळींचा, म्हणजे 1920 अक्षरांचा. तो एकदा पूर्ण नव्याने काढायचा तर मिनिटाहून अधिक वेळ जाणार. अशा स्थितीत आज्ञा एका-दोन अक्षरांची असणे ही गरजच होती. त्या टर्मिनलच्या कळफलकावर एच, जे, के आणि एल या कळांवरच बाण छापलेले होते, आणि आज जिथे टॅब असते तिथे एस्केप होती. व्हीआयमध्ये कर्सर या चार कळांनी का हलतो आणि एस्केप इतक्यांदा का दाबावी लागते, हे तो कळफलक पाहिला की लगेच उलगडते. आज ते टर्मिनल संग्रहालयात आहे, पण त्याच्या कळांची जागा लाखो लोकांच्या बोटांत राहिली आहे.

याच घराण्यातली एक सोय नवख्यांना फार उशिरा कळते. नुकताच केलेला बदल टिंबाची कळ दाबून पुन्हा करता येतो. एक शब्द शोधायचा, बदलायचा, मग एन दाबून पुढच्या ठिकाणी जायचे आणि टिंब दाबायचे. प्रत्येक ठिकाण डोळ्यांखालून जात असल्याने, सरसकट ‘सगळे बदला’ म्हणण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो.

मालकीचा प्रश्न पहिल्यांदा तीव्रतेने पुढे आला तो ईमॅक्सच्या बाबतीत. एमआयटीच्या प्रयोगशाळेत ‘टेको’ या एडिटरवर अनेकांनी आपापले मॅक्रो, म्हणजे आज्ञांचे संच, रचले होते. गाय स्टील यांनी सुरू केलेले त्यांच्या एकत्रीकरणाचे काम रिचर्ड स्टॉलमन यांनी 1976 मध्ये पुढे नेले आणि ईमॅक्स तयार झाला. ज्याने सुधारणा करावी त्याने ती परत द्यावी, अशी त्यामागची अपेक्षा होती. 1981 मध्ये जेम्स गॉसलिंग यांनी युनिक्ससाठी सी भाषेत आपला ईमॅक्स लिहिला. तो सुरुवातीला हातोहात वाटला गेला, पण पुढे त्याचे हक्क युनिप्रेस या कंपनीकडे गेले. स्टॉलमन यांच्या नव्या जीएनयू ईमॅक्समध्ये गॉसलिंग यांच्या कोडचा काही भाग होता. कंपनीने हरकत घेतल्यावर 1985 मध्ये तो काढून त्या जागी नवा कोड लिहावा लागला. 1989 मध्ये जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स हा, सुधारित कोडही खुला ठेवायला लावणारा परवाना प्रसिद्ध झाला, त्याच्या घडणीत या अनुभवाचा मोठा वाटा आहे. आज परवान्याच्या ज्या कलमांवरून आपण सहज पुढे जातो, त्यांच्यामागे एका एडिटरचा वाद आहे.

कट, कॉपी आणि पेस्ट यांचे घराणे वेगळे. झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 1970 च्या दशकात ‘जिप्सी’ हा एडिटर केला. कळ दाबली की अक्षर उमटलेच पाहिजे, आपण कोणत्या ‘मोड’मध्ये आहोत हे वापरणाऱ्याला आठवावे लागू नये, हा टेस्लर यांचा आग्रह होता. व्हीआयमध्ये त्याच कळा कधी अक्षर लिहितात तर कधी आज्ञा देतात, त्याच्या अगदी उलट असा हा विचार. टेस्लर 1980 मध्ये ॲपलमध्ये गेले आणि या तीन क्रियांचा तिथून जगभर प्रसार झाला.

1991 मध्ये ब्राम मूलेनार यांनी अमिगा संगणकासाठी व्हीआयच्या धर्तीवरचा ‘व्हिम’ प्रसिद्ध केला. तो मोफत होता, आणि वापरणाऱ्याला तो आवडल्यास त्याने युगांडातल्या मुलांसाठी देणगी द्यावी, एवढीच त्यांची विनंती होती. ऑगस्ट 2023 मध्ये मूलेनार यांचे निधन झाले. एका माणसाने तीस वर्षांहून अधिक काळ सांभाळलेल्या प्रकल्पाचे आता काय होणार, अशी काळजी त्या वेळी अनेकांना वाटली. इतर देखभालकर्त्यांनी काम पुढे नेले आणि जानेवारी 2024 मध्ये आलेली 9.1 ही आवृत्ती त्यांच्या स्मृतीला अर्पण केली.

नोटपॅडचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण अनेकांचा पहिला एडिटर तोच. 1985 पासून विंडोजसोबत येणाऱ्या या प्रोग्रामला युनिक्सच्या पद्धतीने संपणाऱ्या ओळी 2018 पर्यंत ओळखताच येत नव्हत्या. अशी फाइल उघडली की सगळा मजकूर एका लांबलचक ओळीत दिसे. त्यातली एक जुनी सोय फारशी कोणाला ठाऊक नसते. फाइलच्या पहिल्या ओळीत टिंब आणि लगेच रोमन मोठ्या अक्षरांत ‘लॉग’ लिहून साठवले, तर पुढे दर वेळी ती फाइल उघडताच शेवटी तारीख-वेळ आपोआप येते.

गेल्या वीस वर्षांत सोयी आणि मालकी या दोन्हींची गती वाढली. 2004 मध्ये मॅकसाठी आलेल्या ‘टेक्स्टमेट’ने दोन-चार अक्षरे लिहून टॅब दाबताच पूर्ण साचा उमटवणारे ‘स्निपेट’ लोकप्रिय केले. 2008 मध्ये जॉन स्किनर यांनी आणलेल्या ‘सब्लाइम टेक्स्ट’मुळे अनेक कर्सर एकाच वेळी चालवण्याची रीत घरोघरी पोहोचली. शब्दावर कर्सर ठेवून कंट्रोल-डी पुन्हा पुन्हा दाबत गेले की तोच शब्द पुढे जिथे जिथे येतो तिथे एकेक कर्सर उभा राहतो, आणि मग लिहिलेले अक्षर सगळीकडे एकदम उमटते. कंट्रोल-पी दाबून नावाची चार अक्षरे लिहिताच फाइल उघडण्याची सोयही बऱ्याच जणांनी प्रथम इथेच पाहिली.

‘ॲटम’ची कहाणी मात्र चटका लावणारी आहे. कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटहबने 2014 मध्ये आणलेला हा एडिटर वेबच्या तंत्रावर उभा होता. त्यासाठी तयार केलेला सांगाडा पुढे ‘इलेक्ट्रॉन’ नावाने स्वतंत्र झाला, आणि मायक्रोसॉफ्टने एप्रिल 2015 मध्ये जाहीर केलेला ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ त्याच सांगाड्यावर बांधला गेला. 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने 7.5 अब्ज डॉलरना गिटहब घेतले, तेव्हा दोन्ही एडिटर चालू राहतील असे सांगण्यात आले होते. जून 2022 मध्ये ॲटम बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि त्याच वर्षी 15 डिसेंबरला त्याचे दप्तर गुंडाळले गेले. ॲटमचा सांगाडा आज प्रतिस्पर्ध्याच्या आणि इतर कितीतरी प्रोग्रामांच्या आत चालतो आहे, पण स्वतः ॲटम नाही. त्याचा कोड खुला असल्याने काही जणांनी तो ‘पल्सार’ या नावाने चालू ठेवला, आणि मूळ चमूतल्या काहींनी नव्याने लिहिलेला ‘झेड’ 2024 मध्ये ओपन सोर्स झाला.

याच काळात एक शांत पण दूरगामी बदल झाला. पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेची समज वेगळी शिकवावी लागे. दहा एडिटर आणि वीस भाषा म्हणजे दोनशे जोडण्या. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडएन्व्ही यांच्यासह लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला. त्यानंतर भाषेची समज एकदाच लिहून ती व्हिम, ईमॅक्स, सब्लाइम यांनाही वापरता येऊ लागली. एडिटर बदलण्याची किंमत यामुळे बरीच उतरली.

म्हणून कंपनीच्या निवेदनातला पहिला भाग वाचताना काही गोष्टी मुद्दाम पाहाव्यात. व्हिज्युअल स्टुडिओ कोडचा मूळ कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे, पण आपण उतरवून घेतो तो तयार प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या परवान्याखाली येतो. वापराची माहिती कंपनीकडे किती जावी हे त्याच्या सेटिंगमध्ये ‘टेलिमेट्री’ शोधून ठरवता येते. ॲटम बंद पडला तेव्हा ज्यांनी आपले शॉर्टकट आणि स्निपेट साध्या मजकुराच्या फाइलींत वेगळे जपून ठेवले होते, त्यांना ते वाचून नव्या एडिटरमध्ये पुन्हा मांडता आले. आपल्या एडिटरची अशी फाइल कुठे आहे हे आजच शोधून तिची एक प्रत दुसरीकडे ठेवता येईल, आणि ती उघडायला ईडीसुद्धा पुरेल.