इलेक्ट्रॉन संरूपण

अणूतले इलेक्ट्रॉन कोणत्या कवचात व उपकवचात किती आहेत, हे दाखवणारी मांडणी. के, एल, एम, एन या कवचांत अनुक्रमे जास्तीत जास्त २, ८, १८ व ३२ इलेक्ट्रॉन मावतात. एस, पी, डी, एफ या उपकवचांत २, ६, १० व १४. एका कक्षकात, म्हणजे उपकवचाच्या एका कप्प्यात, दोनच, तेही विरुद्ध फिरकीचे (पाउलीचा नियम, १९२५).

भरणी कमी ऊर्जेच्या उपकवचापासून होते: १एस, २एस, २पी, ३एस, ३पी (अंक कवचाचा: के म्हणजे १, एल म्हणजे २, याप्रमाणे). इथवर सगळे सरळ चालते. अकरावीच्या वर्गात गाडी अडते ती ४एसपाशी. पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन ३डी रिकामे असूनही ४एसमध्ये जातो, कारण तिथला इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जास्त जवळ शिरतो आणि पोटॅशियमपुरती ४एसची ऊर्जा ३डीपेक्षा कमी पडते. हा एकटा इलेक्ट्रॉन सहज सुटतो. रावेर-यावलच्या केळीला म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) हे खत देतात, त्यात तो आधीच क्लोरीनकडे गेलेला असतो. मुळे शोषतात तो आर्गॉनसारखे १८ इलेक्ट्रॉन उरलेला आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला अणू.

मात्र भरण्याचा क्रम हाच रिकामे होण्याचा क्रम, असे समजू नये. लोहाच्या अणूत ३डीमध्ये ६ व ४एसमध्ये २ इलेक्ट्रॉन असतात. आयन होताना आधी ४एसचे दोन्ही जातात. स्कँडियमपासून पुढे ३डीची पातळी ४एसच्या खाली उतरलेली असते.

क्रोमियम (३डी ५, ४एस १) आणि तांबे (३डी १०, ४एस १) हे नेहमीचे अपवाद. ‘अर्धे किंवा पूर्ण भरलेले उपकवच स्थिर’ हे त्याचे कारण परीक्षेपुरते ठीक. नायोबियमला (४डी ४, ५एस १) ते लागू पडत नाही. दोन पातळ्या इतक्या जवळ आल्या की इलेक्ट्रॉनांमधले आपसांतले प्रतिकर्षणही निकाल फिरवते.

जड अणूंत आणखी एक गोष्ट घडते. जळगावच्या सराफ बाजारात ज्या पिवळेपणाची पारख होते, तो सोन्याच्या संरूपणातूनच येतो. सोन्याचा अणुक्रमांक ७९. बाहेर ५डीमध्ये १० व ६एसमध्ये १ इलेक्ट्रॉन. केंद्रकाचा धन प्रभार एवढा, की इलेक्ट्रॉनांच्या प्रचंड वेगामुळे सापेक्षतेचा परिणाम दिसतो: ६एस आकसून खाली येते, ५डी थोडे वर सरकते. दोहोंतले अंतर निळ्या प्रकाशाच्या ऊर्जेइतके होते, निळा शोषला जातो आणि पिवळा परततो. चांदीत ४डी व ५एसमधले अंतर मोठे. ती अतिनील किरण शोषते, दृश्य प्रकाश जवळजवळ सगळा परतवते, म्हणून पांढरी दिसते.