पॉइंटमधून जाणारी की पॉइंटकडे ओढलेली? कॅडमधल्या स्प्लाइनची पार्श्वभूमी

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत लेझर कटिंगला येणाऱ्या डीएक्सएफ (कॅड ड्रॉइंगच्या) फायलींतला एक दोष ओळखीचा आहे. पडद्यावर गोलाई गुळगुळीत दिसते, पण कापलेल्या पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवलं की बारीक लहर लागते. बोल मशीनला लागतो, चूक मात्र पुष्कळदा ड्रॉइंगमध्येच झालेली असते. संगणकावर ड्रॉइंग काढायच्या ऑटोकॅडमध्ये गुळगुळीत वक्र काढणाऱ्या स्प्लाइन कमांडच्या ‘फिट’ आणि ‘सीव्ही’ (कंट्रोल व्हर्टेक्स) अशा दोन पद्धती आहेत. फिटमध्ये रेषा दिलेल्या प्रत्येक पॉइंटमधून जाते. सीव्हीमध्ये मधले पॉइंट तिला नुसते आपल्याकडे ओढतात. या दोन पद्धती दोन वेगळ्या कारखान्यांतून आल्या आहेत.

फिटचं मूळ जहाजबांधणीत आहे. तिथले ड्राफ्ट्समन लाकडाची लवचीक पट्टी जमिनीवर ठेवून शिशाच्या वजनांनी जागोजागी अडकवत आणि तिच्या कडेने रेघ मारत. त्या पट्टीचंच नाव स्प्लाइन. संक्रांतीला पतंगाची कामटी वाकवलेल्या कुणालाही तिचा स्वभाव ठाऊक आहे: ती कुठेही कोन करत नाही, वाकायला कमीत कमी जोर लागेल तोच आकार घेते. गणितात उतरवलं तर, वाक फार नसेल तेव्हा, दोन वजनांमधला तुकडा घन, म्हणजे तिसऱ्या घाताच्या, बहुपदीचा निघतो आणि वजनापाशी शेजारच्या दोन तुकड्यांचा उतार नि वक्रता जुळते. आयझॅक शोनबर्ग यांनी १९४६ साली हे गणित मांडताना पट्टीचंच नाव वापरलं.

तुकडे करायचेच कशाला, सगळ्या पॉइंटमधून एकच बहुपदी का नको? कारण ११ पॉइंटना दहाव्या घाताची बहुपदी लागते आणि ती टोकांजवळ हेलकावे खाते. समान अंतरावरचे पॉइंट वाढवले की हेलकावे उलट वाढू शकतात, हे कार्ल रुंगे यांनी १९०१ मध्येच दाखवलं होतं.

दुसरी पद्धत फ्रान्सच्या मोटार उद्योगातली. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी १९६०च्या दशकात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकच वक्र शोधला. सित्रोएनने काम गुप्त ठेवलं, बेझिएंनी आपलं छापलं, म्हणून नाव त्यांचं लागलं. चार पॉइंट घ्या, लगतच्या जोड्यांचे मध्य काढा. मिळालेल्या तीन पॉइंटचे पुन्हा मध्य, मग उरलेल्या दोघांचा मध्य. तो शेवटचा बिंदू बरोबर वक्रावर असतो. कास्तेल्जोंची रीत एवढीच, आणि कागदावर स्केल-पेन्सिलीनेही जमते.

बेझिएच्या दोन अडचणी होत्या. एक पॉइंट हलवला की अख्खा वक्र हलतो. यावर उपाय बी-स्प्लाइनचा: तुकडे जोडून केलेला वक्र, ज्यात पॉइंट हलवला तर जवळचा भागच हलतो. ती भरवशाने मोजायचं सूत्र १९७२ मध्ये कार्ल द बोर आणि मॉरिस कॉक्स यांनी वेगवेगळं प्रसिद्ध केलं. दुसरी अडचण वर्कशॉपला जास्त टोचणारी: घन बेझिएने नेमकं वर्तुळ निघत नाही. पाव वर्तुळासाठी हँडल (टोकापासून लगतच्या पॉइंटपर्यंतचं अंतर) त्रिज्येच्या ०.५५२३ पट ठेवलं तरी सुमारे ०.०२७ टक्के चूक राहते. ५०० मिमी त्रिज्येवर ती ०.१४ मिमीच्या आसपास. पॉइंटना वजन, म्हणजे त्यांची ओढ कमी-जास्त करणारा आकडा, दिलं की हा प्रश्न मिटतो. दुसऱ्या घाताच्या वक्रात मधल्या पॉइंटला ०.७०७१ वजन द्या, पाव वर्तुळ तंतोतंत येतं. वजनाच्या बी-स्प्लाइनवर केन व्हर्सप्रिल यांचा प्रबंध १९७५ चा. पुढे कॅड प्रोग्रॅममध्ये देवाणघेवाणीच्या आयजेस फाइलमध्ये या वक्राला १२६ क्रमांक मिळाला आणि नर्ब्स, म्हणजे ही वजनाची बी-स्प्लाइन, हीच कॅडची बोली झाली. आज फिट पद्धतीने काढलेली स्प्लाइनही आत नर्ब्स म्हणूनच साठवली जाते.

मग लहर कुठून येते? स्कॅन केलेल्या नमुन्यावर दर ५ मिमीला फिट पॉइंट टाकले की हाताची अर्ध्या मिमीची चूकही वक्राला पाळावी लागते. पॉइंट कमी करा. वळण बदलतं तिथे एक आणि मध्ये एखादा, बस. कर्व्हेचरची फणी, म्हणजे जागोजागी वक्रता दाखवणाऱ्या आडव्या रेघा, चालू करून पाहा. तिचे दात वारंवार बाजू बदलत असतील, तर लहर आहेच. पॉइंटमधली अंतरं फार विषम असतील, समजा १००, ५, १०० मिमी, तर ‘नॉट्स’ या सेटिंगमध्ये, म्हणजे कोणत्या तुकड्याला वक्राचा किती वाटा द्यायचा यात, युनिफॉर्म ठेवू नका. त्यात तिन्ही तुकड्यांना सारखाच वाटा मिळतो, आणि ५ मिमीच्या तुकड्यात रेषा फुगते किंवा गाठ मारते. ‘कॉर्ड’ हा पर्याय अंतराप्रमाणे वाटा देतो, ‘स्क्वेअर रूट’ दोहोंच्या मधला. हा तिसरा पर्याय बोइंगच्या ई. टी. वाय. ली यांच्या १९८९ च्या कामातून आला.

लहर नसून चपटे पैलू लागत असतील, तर कारण वेगळं. डीएक्सएफच्या जुन्या आर१२ आवृत्तीत स्प्लाइन ही वस्तूच नाही, त्यामुळे सेव्ह करताना तिचे सरळ तुकडे पडतात. तुकड्याच्या लांबीचा वर्ग भागिले आठपट त्रिज्या, एवढी चूक राहते. २०० मिमी त्रिज्येवर २० मिमीचा तुकडा पाव मिमी चुकतो, ५ मिमीचा फक्त ०.०१६. त्याहून फार बारीक करू नका. मशीन प्रत्येक जोडावर वेग कमी करतं, उष्णता साचते आणि कडेला बर (धातूची खरखरीत धार) येतो. शक्य तिथे स्प्लाइनऐवजी एकमेकांना स्पर्श करणारे आर्क द्या, कारण आर्क कापायच्या जी०२ आणि जी०३ या आज्ञा मशीनच्या कंट्रोलरला मुळातच कळतात.