कापूर हुंगून ऑक्सिजन वाढतो का?

उत्तराखंडातल्या केदारकंठा किंवा औलीसारख्या उंच ठिकाणी निघालेल्या मंडळींच्या ग्रुपवर दर हिवाळ्यात एक मेसेज फिरतो: रुमालात कापराच्या दोन वड्या ठेवा, उंचावर हुंगत राहा, ऑक्सिजन वाढतो.

असं वाटणं साहजिक आहे. कापराने नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या नसा चेतवल्या जातात, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. पण अडचण नाकात नसतेच. हवेत ऑक्सिजन सगळीकडे सुमारे 21 टक्केच. उंचावर कमी होतो तो हवेचा दाब, म्हणून दर श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. संभाजीनगर साधारण 570 मीटरवर आहे, केदारकंठा सुमारे 3,800 मीटरवर. तिथे दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी. कापूर हा दाब कसा वाढवणार?

पडताळायचं असेल तर ऑक्सिमीटर घ्या. बोटं चोळून गरम करा (गार बोटाला किंवा नेलपॉलिशवर आकडा चुकतो), मिनिटभर थांबून नोंद करा. मग कापूर हुंगा. आकडा दोनेक अंकांनी चढेलही! आता कापूर बाजूला ठेवून तेवढेच खोल श्वास घ्या. तसाच चढेल आणि थोड्या वेळात पुन्हा उतरेल.

खरा उपाय संथ चढाई. 3,000 मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं. डोकं दुखून मळमळलं तर पुढे चढू नका. बसल्या जागी धाप लागली किंवा झोक जाऊ लागला तर रात्र असली तरी सोबत घेऊन खाली उतरायचं.

आणि कापराच्या वड्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. पोटात गेल्या तर झटके येऊ शकतात.