पळवाट (व्यवस्थेतील हॅकिंग)

पळवाट : कायदा, कर, निवडणूक किंवा बाजार यांच्या नियमांतली फट हेरून, नियमाचा शब्द पाळत त्याचा हेतू निष्फळ करण्याची रीत. संगणकाच्या प्रणालीतल्या फटींसाठी वापरला जाणारा ‘हॅकिंग’ हा शब्द आता याही कामाला लावतात. मुंबईच्या बोलण्यात त्याला ‘कायद्यात बसवणे’ म्हणतात. आर्किटेक्ट, वकील किंवा सीएकडे गेलेला माणूस विचारतो ते ‘हे बसेल का?’ एवढेच.

याचा नमुना मुंबईच्या खिडक्यांत पाहायला मिळतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत फ्लॉवर बेड, म्हणजे खिडकीबाहेरची झाडे लावायची जागा, एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडाच्या मानाने किती बांधता येईल त्या मोजणीत, धरली जात नसे. मुंबई शहरात एफएसआय १.३३, एकेका चौरस फुटाला मोल. साहजिकच नकाशात खोलीखोलीला फ्लॉवर बेड आला. ताबा मिळाला की खिडकीखालची भिंत पाडायची, माती भरायचा खड्डा लादीच्या पातळीला आणायचा, बाहेरच्या कडेला सरकत्या काचा बसवायच्या आणि पलंग तिथवर सरकवायचा. पालिकेच्या दप्तरी ती जागा फुलझाडांचीच राही. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलले. फ्लॉवर बेड आणि बाल्कनी मोजणीत आल्या, आणि निवासी इमारतींना ३५ टक्के फंजिबल, म्हणजे वाढीव एफएसआय प्रीमियम भरून मिळू लागला. पळवाटेने मिळणारी जागा रीतसर विकत मिळायची सोय झाली.

पगडीची, म्हणजे भाड्याची खोली हाती येताना द्यायच्या रोख रकमेची गोष्ट अधिक जुनी. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. भाड्याखेरीज रक्कम घ्यायलाही मनाई केली. पण जागेची खरी किंमत कुठूनतरी वाट काढणारच. खोली सोडणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रोख घेई, त्यातला वाटा, बहुधा तिसरा हिस्सा, घरमालकाला देई आणि मालक पुढली भाडेपावती नव्या नावाने फाडी. रोखीची देवघेव कायद्याविरुद्धच होती, पण कागदावर विक्री दिसत नसे; एक भाडेकरू गेला, दुसरा आला, इतकेच. गिरगाव-लालबागच्या चाळींत या पावत्या खरेदीखतासारख्या कपाटात जपलेल्या असतात. पगडीला नुसती लबाडी म्हणणे अन्यायाचे आहे. गोठलेल्या भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडत नव्हती आणि भाडेकरूला दुसरीकडे घर परवडत नव्हते. दोघांनी मिळून काढलेली ती वाट होती. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने अशी रक्कम घेण्यास मान्यता दिली.

राजकारणात राज्यघटनेचे दहावे परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, हे असेच उदाहरण. १९८५ च्या या कायद्यात एकट्याने पक्ष सोडला तर आमदारकी जाई, पक्षाचे एक-तृतीयांश आमदार मिळून फुटले तर वाचे. मग आकडा जमवणे हेच काम होऊन बसले. २००३ मध्ये फुटीची ती सवलत गेली. दोन-तृतीयांश आमदारांच्या दुसऱ्या पक्षातील विलीनीकरणाची राहिली.

पळवाट आणि गुन्हा यांतली रेषा १९९२ च्या रोखे घोटाळ्यात नीट दिसते. प्रत्यक्ष सरकारी रोख्यांऐवजी बँकांनी एकमेकींना ‘बँक रिसीट’, म्हणजे रोखे विकल्याची पावती, देणे हा बाजारातला सैल रिवाज होता. मागे रोखेच नसताना अशा रिसीट काढल्या गेल्या, तेव्हा ती सरळ फसवणूक झाली. करांच्या बाबतीत १ एप्रिल २०१७ पासून ‘गार’ (जनरल अँटी-अव्हॉयडन्स रूल्स, करचुकवेगिरी रोखणारे सर्वसाधारण नियम) लागू आहेत : करसवलत हाच मुख्य हेतू असलेला आणि व्यवहार म्हणून पोकळ असलेला करार, कागद चोख असला तरी, कर अधिकाऱ्यांना अमान्य करता येतो.

पळवाट काढायला जाणकार लागतो आणि जाणकाराला फी लागते. म्हणून ती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. इमारतीतला फ्लॉवर बेड आर्किटेक्टच्या सहीने मंजूर नकाशात बसला. वस्तीतल्या कुटुंबाने मुलगा लग्नाचा झाला म्हणून झोपडीवर चौदा फुटांच्या मर्यादेवर माळा चढवला, तर तेवढ्याच जागेचे नाव अतिक्रमण होते आणि दारावर पालिकेची नोटीस चिकटते.